तीन रेसिपी आणि एकच चव: छोट्या बॅचच्या बिअरचं दुखणं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार-चार लिटरच्या तीन बॅच झाल्या. पहिली साधी पेल एल, दुसरी गव्हाची, तिसरी पोर्टर, म्हणजे गडद रंगाची बिअर. तिन्हींना कच्च्या हिरव्या सफरचंदासारखा वास येतो, घोट घेतला की घशात चटका बसतो आणि पोर्टरची बाटली उघडली की अर्धी बिअर ओट्यावर. दर वेळी वॉर्ट (माल्ट आणि हॉप्स उकळून केलेला, अजून न आंबलेला काढा) ‘कोमट’ झाल्यावर यीस्टचं अख्खं पाकीट टाकलं, फर्मेंटर, म्हणजे आंबवायचं भांडं, खोलीच्या कोपऱ्यात ठेवला आणि सातव्या दिवशी एअरलॉकमधले (गॅस बाहेर सोडणारी, हवा आत न येऊ देणारी झाकणावरची नळी) बुडबुडे थांबले म्हणून बाटल्या भरल्या. आता तुम्ही विचारताय की रेसिपी बदलू, महागडं यीस्ट घेऊ, की सरळ वीस लिटरचं भांडं आणू?

त्याआधी एक तातडीचं. पोर्टरच्या उरलेल्या बाटल्या कपाटात असतील तर आजच फ्रिजमध्ये हलवा. हलवताना डोळ्यांवर चष्मा, हातात जाड मोजे आणि बाटलीभोवती टॉवेल असू द्या. काचेची बाटली दाबाने फुटते तेव्हा ती तडकून थांबत नाही, तुकडे चहूकडे उडतात. माझी एक बाटली पहाटे बंद कपाटात फुटली होती. तिच्या धक्क्याने शेजारच्या दोन गेल्या आणि त्यानंतर कित्येक महिने कोपऱ्याकोपऱ्यातून काच निघत होती. बाटल्या दोन दिवस गार होऊ द्या. मग बूच अगदी थोडं उचलायचं, फुस्स झालं की सोडायचं, पुन्हा उचलायचं.

आता मूळ मुद्दा. तीन वेगवेगळ्या रेसिपींमध्ये एकच दोष येत असेल तर तो रेसिपीत नसतो, तिन्हींत जे समान होतं त्यात असतो. तुमच्या तिन्ही बॅचमध्ये समान काय होतं? गरम वॉर्टमध्ये टाकलेलं यीस्ट, खोलीचा तोच कोपरा आणि सातवा दिवस. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), हॉप्स (कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं), यीस्टचा ब्रँड यांना दोष देणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. बिअर तुम्ही बनवत नाही, यीस्ट बनवतं. तुम्ही फक्त गोड, कडवट काढा करून देता. त्याला काम करायला कसलं हवामान आणि किती वेळ दिलात, यावर पुढचं बहुतेक सगळं ठरतं.

न बघता निदान करणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, हे मलाही कळतं. तुमची खोली किती गरम असते, यीस्ट नेमकं कोणतं होतं आणि बाटल्या भरताना घनता (पाण्याच्या तुलनेत द्रव किती जड; साखर आंबत जाते तशी ती उतरते) किती होती, या तीन गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत. त्या कळल्या तर तपशिलात फरक पडेल. पण हिरवं सफरचंद, घशातला चटका आणि उसळणाऱ्या बाटल्या ही तिन्ही लक्षणं एकत्र आली की मी दुसरीकडे फारसं शोधत बसत नाही.

चटक्यापासून सुरू करते. यीस्ट वॉर्टमध्ये पडल्यावर आधी स्वतःची संख्या वाढवतं आणि चवीचा बराचसा निकाल याच काळात, म्हणजे पहिल्या ४८ ते ७२ तासांत लागतो. या वेळी वॉर्ट गरम असेल तर यीस्ट साध्या अल्कोहोलसोबत फ्यूझेल म्हणतात ती जड अल्कोहोल्सही भरपूर तयार करतं. घशाला लागणारा, थिनरची आठवण करून देणारा चटका त्यांचाच. नेहमीच्या एल यीस्टला मी १८ ते २० अंश सेल्सिअस देते. आणि ‘कोमट’ या शब्दावर तर माझा अजिबात विश्वास नाही. आपल्या कातडीचंच तापमान ३०-३३ अंशांच्या आसपास असतं, म्हणजे हाताला कोमट लागणारी वस्तू त्याहून गरमच असणार. तुम्ही ३५ अंशांच्या वॉर्टमध्ये यीस्ट टाकलंय, अशी माझी पैज आहे. त्यात पाकीटही अख्खं. ११.५ ग्रॅमचं पाकीट साधारण वीस लिटरसाठी असतं. गरम वॉर्ट आणि पाचपट यीस्ट म्हटल्यावर पहिल्याच रात्री आंबणं धडाक्यात सुरू होतं आणि त्या धडाक्यातून आणखी उष्णता निघते. चार लिटरला तीन ते पाच ग्रॅम यीस्ट पुरतं. उरलेल्या पाकिटातली हवा दाबून काढा, तोंड घट्ट बंद करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्याभरात वापरून टाका.

छोट्या भांड्याची गंमत इथेच आहे, म्हणून जरा थांबते. वीस लिटरच्या तुलनेत चार लिटरच्या भांड्याला दर लिटरमागे सुमारे १.७ पट पृष्ठभाग असतो. मोठं भांडं स्वतःच्या उष्णतेने खोलीपेक्षा चार-पाच अंशांनी सहज वर चढतं आणि तिथेच राहतं. छोटं तेवढं चढत नाही, पण खोलीच्या तालावर नाचतं. दुपारी खोली तापली की ते तापतं, रात्री गार झाली की गारठतं. यीस्टला स्थिर २२ अंश चालून जातील, पण दिवसा २६ आणि रात्री १९ हा झोका सोसत नाही. उलट बाजूने पाहिलं तर हेच छोटं भांडं आवरायला सोपं. फर्मेंटर एका टबात ठेवा, आतल्या बिअरच्या पातळीपर्यंत बाहेर पाणी भरा. टबातलं दहा-पंधरा लिटर पाणी दिवसरात्रीचे झोके गिळून टाकतं. अर्धा लिटरच्या दोन प्लॅस्टिक बाटल्यांत पाणी गोठवून ठेवा. एक टबात आणि एक फ्रीझरमध्ये, सकाळ-संध्याकाळ अदलाबदल. वर ओला पंचा गुंडाळून त्याचं टोक पाण्यात सोडलंत तर अजून एखाद-दोन अंश खाली येतील. माझी पहिली चार वर्षं अशीच गेली.

यीस्ट टाकण्याआधी वॉर्टसुद्धा नीट गार झालेलं हवं. चार लिटरचं पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून अधूनमधून ढवळलं तर अर्ध्या तासाच्या आत काम होतं. त्यासाठी तांब्याचं कॉइल वगैरे घ्यायची गरज नाही. थर्मामीटर १८-१९ दाखवेपर्यंत पाकिटाला हात लावायचा नाही. नळाचं पाणीच गरम असेल आणि बर्फ संपला असेल तर वॉर्ट निर्जंतुक केलेल्या फर्मेंटरमध्ये ओता, झाकण लावा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. यीस्ट सकाळी टाका. हा उशीर परवडतो, गरम वॉर्टमध्ये यीस्ट टाकणं परवडत नाही.

टब-बर्फाचा खटाटोप जमणारच नसेल आणि खोली तिशीच्या वरच राहत असेल, तरच यीस्ट बदला. नॉर्वेतल्या शेतघरांतून पिढ्यान्‌पिढ्या जपलेली क्वाइक नावाची यीस्ट ३० ते ४० अंशांत काम करतात आणि तरीही चटका देत नाहीत. म्हणजे ‘महागडं यीस्ट घेऊ का’ याचं उत्तर महागडं नको, तुमच्या खोलीला मानवणारं घ्या.

आता हिरवं सफरचंद. हा वास बहुतेक वेळा अ‍ॅसिटाल्डिहाइडचा असतो. साखरेचं अल्कोहोल होताना वाटेत हा टप्पा लागतोच. आंबणं संपत आलं की यीस्ट मागे उरलेलं अ‍ॅसिटाल्डिहाइड पुन्हा आत घेतं आणि त्याचं अल्कोहोल करतं. ही आवराआवर दिसत नाही, तिचे बुडबुडे येत नाहीत, फेस येत नाही. तुम्ही सातव्या दिवशी बाटल्या भरल्यात तेव्हा पाहुणे गेले होते, पण घर आवरायचं राहिलं होतं. गव्हाच्या बिअरमध्ये केळ्याचा वास आला असता तर मी काही बोलले नसते, तिथे तो हवाच असतो. सफरचंद मात्र घाईची खूण.

यावर उपाय म्हणजे वाट पाहणं. पण नुसतं ‘थांबा’ म्हणून भागत नाही, कशासाठी थांबायचं ते मोजता आलं पाहिजे. एअरलॉक हे मोजायचं साधन नाही. झाकणाची रबरी कड जरा सैल असली की गॅस तिथून जातो आणि एअरलॉक चार दिवस मुका राहतो. उलट खोली तापली की आंबणं संपलेली बिअरही बुडबुडे सोडते, कारण विरघळलेला वायू उष्णतेने बाहेर पडतो. मोजायची ती घनता, आणि तीही हायड्रोमीटरनेच, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या, आकडे कोरलेल्या काचेच्या नळीने. नमुना नळीत घ्या, हायड्रोमीटर सोडा आणि बोटाने एक गिरकी द्या. अंगाला चिकटलेले बारीक बुडबुडे त्याला वर उचलून धरतात आणि आकडा खोटा दाखवतात. गिरकी थांबली की डोळा द्रवाच्या पातळीवर आणा. काचेला चढलेली कड सोडा आणि सपाट रेषेवरचा आकडा वाचा. बहुतेक हायड्रोमीटर २० अंशांवर बेतलेले असतात. नमुना ३० अंशांचा असेल तर आकडा ०.००२ ते ०.००३ ने कमी दिसतो, तेवढा मिळवून घ्या.

समजा सुरुवातीला घनता १.०४८ होती (पाण्याची १.०००) आणि शेवटी १.०११ आलं. फरक ०.०३७, त्याला १३१.२५ ने गुणलं की सुमारे ४.९ टक्के अल्कोहोल. पण माझ्या लेखी अल्कोहोलचा आकडा दुय्यम. महत्त्वाचं हे की दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन मापं तंतोतंत सारखी आली पाहिजेत. इथे छोट्या बॅचची अडचण आहे. दर मापाला शंभर मिलिलिटर जातं, रोज मोजलंत तर प्यायला उरणार काय? म्हणून मी तीनदाच मोजते: यीस्ट टाकण्याआधी, बाराव्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी. नमुना फर्मेंटरमध्ये परत ओतू नका, पिऊन टाका. त्या दोन घोटांत सफरचंद आहे की गेलं तेही कळतं. रिफ्रॅक्टोमीटरला (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणारं साधन) दोन-तीन थेंब पुरतात, पण अल्कोहोल आल्यावर त्याचा आकडा फसवा होतो आणि सूत्राने दुरुस्त करावा लागतो. सुरुवातीच्या मापासाठी मात्र तो छान. चौथ्या-पाचव्या दिवशी वरचा फेस बसायला लागला की टबात बर्फाची बाटली टाकणं बंद करा, तापमान २१-२२ पर्यंत चढू द्या. आवराआवर जलद होते. लोण्याच्या वासाचं डायअ‍ॅसिटिल यीस्ट याच टप्प्यात गिळतं.

उसळणाऱ्या पोर्टरचं मूळही सातव्या दिवसातच असावं. हिशोब पाहा. गॅस भरण्यासाठी बाटलीत घालायची साखर लिटरला सहा ग्रॅमच्या आसपास असते. घनता अजून ०.००४ ने उतरायची बाकी असताना बाटली भरली तर लिटरला जवळपास आठ ग्रॅम साखर बिअरमध्ये आधीच शिल्लक असते. त्यात तुम्ही वरून सहा घातलीत, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त गॅस.

अर्थात कारण जंतुसंसर्गही असू शकतं. ओळखायची माझी रीत साधी आहे. सगळ्या बाटल्या सारख्याच उसळत असतील तर साखर किंवा घाई. दोन-तीनच उसळत असतील आणि बाकी ठीक असतील तर त्या बाटल्या मळकट होत्या. मानेशी आतून पांढरट कडं दिसलं, बिअर पातळ आणि आंबट लागली, तर संसर्गच. एका बाटलीतला गॅस ढवळून पूर्ण काढा आणि घनता मोजा. रेसिपीने अपेक्षित धरलेल्या शेवटच्या आकड्याजवळ आली तर तुम्ही लवकर बाटल्या भरल्यात. त्याच्याही बरीच खाली गेली तर कुणीतरी बाहेरचं येऊन जेवून गेलंय.

साखर वाटण्यातही छोट्या बॅचला चूक महाग पडते. ३३० मिलिलिटरच्या बाटलीला साखर लागते दोन ग्रॅम. चमच्याने घालताना एक ग्रॅम इकडेतिकडे सहज होतो, म्हणजे थेट दीडपट. मी असं करते: २४ ग्रॅम साखर थोड्या पाण्यात उकळायची, गार झाल्यावर उकळलेलं पाणी घालून पाक बरोबर १२० मिलिलिटर करायचा. निर्जंतुक केलेल्या सिरिंजने दर बाटलीत १० मिलिलिटर सोडायचा, म्हणजे दोन ग्रॅम साखर. बारा बाटल्यांचा पाक होतो. गाळात आणि नमुन्यांत जाऊन बिअर दहाच बाटल्या भरली तर उरलेला पाक ओतून द्या, उगाच वाटून टाकू नका. एक बाटली प्लॅस्टिकची भरा. ती दगडासारखी कडक झाली की काचेच्या बाटल्यांतही गॅस भरला असं समजायचं.

भरताना नळीचं टोक बाटलीच्या तळाला टेकलेलं हवं. खळखळ आवाज आला तर हवा मिसळते आहे. माझी एक पेल एल याच खळखळाटामुळे महिन्याभरात ओल्या पुठ्ठ्यासारखी लागायला लागली. हॉप्सचा सुगंध तर त्याच्या कितीतरी आधी गेला.

तुम्ही न विचारलेलं, पण चार लिटरवाल्यांना हमखास नडणारं एक: बाष्पीभवन. भांड्याचं तोंड आणि आच तीच असेल तर तासाला लिटर-सव्वा लिटर पाणी उडतं, मग आत पाच लिटर असो की वीस. वीसमधून एक लिटर गेलं तर कळतही नाही, पाचातून गेलं तर पाचवा हिस्सा गेला. रेसिपी मोठ्या बॅचची असेल आणि तुम्ही सगळे आकडे पाचाने भागले असतील, तर वॉर्ट ठरवल्यापेक्षा घट्ट आणि कडू होणार. एकदा नुसतं पाणी त्याच पातेल्यात तासभर उकळा, किती उरतं ते मोजा, तो आकडा वहीत लिहा. उकळल्यानंतर वॉर्ट कमी भरलं तर उकळलेलं पाणी घाला. अंदाजासाठी एक आकडा देते: कोरडं माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्टच्या अर्काची पूड) १०० ग्रॅम घेऊन एकूण एक लिटर वॉर्ट केलं तर घनता सुमारे १.०३७ येते. साडेचार लिटर १.०४८ ला हवं असेल तर ५९० ग्रॅम. हॉप्ससाठी ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्या. पाच ग्रॅम हॉप्स एका ग्रॅमने चुकले तर कडवटपणा वीस टक्क्यांनी हलतो. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी या काट्यावर आणि एका नेमक्या थर्मामीटरवर करा.

स्वच्छतेबद्दल फार लिहीत नाही, कारण तुमची लक्षणं तिकडे बोट दाखवत नाहीत. आधी धुवा, मग निर्जंतुक करा. मळ चिकटलेल्या भांड्यावर सॅनिटायझर शिंपडून उपयोग नसतो. क्लोरीनच्या पाण्याने बिअरला औषधी, बँडेजसारखा वास येतो. तो तुम्हाला आलेला नाही, म्हणजे पाणी निर्दोष सुटलं.

राहिला वीस लिटरचा प्रश्न. नको. मेहनत जवळपास तेवढीच लागते हे खरं आहे. चार लिटरलाही तासभर उकळणं आलं, तेवढंच धुणं आलं, आणि हाती दहा बाटल्या. कधीतरी त्याचा कंटाळा येईल, तेव्हा मोठं भांडं जरूर घ्या. पण आज घेतलंत तर चटका लागणारी वीस लिटर बिअर होईल, शिवाय ते भांडं टबात मावणारही नाही.

त्याऐवजी चौथी बॅच पहिल्याच पेल एलची करा. तेच माल्ट, तेच हॉप्स, तेच यीस्ट. गिनेसच्या डब्लिनमधल्या ब्रुअरीत विल्यम गॉसेट नावाचे एक ब्रुअर होते. मोजक्या नमुन्यांवरून कितपत ठामपणे बोलता येतं याचं गणित त्यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापलं. ते आज संख्याशास्त्राच्या प्रत्येक वर्गात शिकवतात. आपल्याला त्या गणिताची गरज नाही, पण अडचण तीच आहे: तीन बॅच आणि तिन्हींत रेसिपी वेगळी, तर सुधारणा कशामुळे झाली हे कळणार कसं? म्हणून बदल फक्त यीस्टच्या वागणुकीशी संबंधित. वॉर्ट १८ अंशांवर आल्यावर पाच ग्रॅम यीस्ट, पहिले चार दिवस टब आणि बर्फ, मग तापमान चढू देणं, बारा आणि पंधराव्या दिवशी माप, आकडे जुळले तर पाक आणि बाटल्या. आकडे जुळले नाहीत तर आणखी तीन दिवस. बाटल्या दोन आठवडे खोलीत, मग फ्रिजमध्ये. वहीत तारीख, वेळ, तापमान आणि घनता लिहा. चवीचं वर्णन नंतर आठवतं, तापमान आठवत नाही.

घरी बिअर करायला सगळीकडे परवानगी नसते, हे तुम्ही तपासलं असेल असं धरते. अमेरिकेतसुद्धा फेडरल कायद्याने ही मुभा १९७८ मध्ये मंजूर झाली.

पहिल्या दोन बॅचच्या बाटल्या उरल्या असतील तर ओतू नका. त्या उसळत नाहीत असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. तळाशी अजून जिवंत यीस्ट आहे, त्यांना खोलीच्या तापमानात आणखी तीन आठवडे द्या आणि मग एक उघडून पाहा. सफरचंद बरंचसं ओसरलेलं असेल. चटका मात्र तसाच राहील. फ्यूझेल एकदा तयार झाली की यीस्ट ती परत घेत नाही.